आत्याबाईला मिशा असत्या तर

पोरगा गेला त्याच्या पुढच्या सालापासून आमच्या मालकांनी एकच काम धरलं. सकाळी डेअरीला दूध घातलं की ते पोराचा लॅपटॉप उघडून बसायचे आणि फुकटची साइट शोधायचे. कसली, तर शेअरचं मागचं तपासायची. अमुक साली अमुक कंपनीचे शेअर घेतले असते, दर महिन्याला एवढे टाकले असते, तर आज त्याचे किती झाले असते, हे ज्यात बघता येतं तसली. त्याला बॅकटेस्ट म्हणतात. मी चौथी शिकलेली बाई, मला हा शब्द कुठून ठाऊक, असं कुणी विचारील. घरात रोज एकच शब्द कानावर आदळला की दगडालाही कळतो.

आमचं गाव इस्लामपूरच्या अलीकडं. थोडा ऊस आहे, एक म्हैस आहे. मालक फौजेत क्लार्क होते, हवालदार होऊन पेन्शनीत आले. त्यांना इंग्रजी वाचता येतं, टाइप करता येतं, आणि हिशोब चुकला तर त्यांना जेवण जात नाही. पोरगा एकच. तो शिरवळला एका कंपनीत होता. तिथंच खोली घेऊन नवरा-बायको राहायची. एका दुपारी तो कामावर जायला निघाला आणि छातीत दुखतंय म्हणाला. साताऱ्याला नेईपर्यंत संपला. आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा त्याच्या चपला सुनेच्या हातात होत्या. बाकी त्या दिवसाचं मी लिहिणार नाही. लिहून काय होतंय.

पोरगा शेअर घेतो हे आम्हाला त्याच्या लग्नाआधीपासून ठाऊक होतं. मालकांना ते पटत नव्हतं. त्यांच्या लेखी पैसा ठेवायची जागा म्हणजे पोस्ट. दिवाळीला पोरगा घरी आला की दुसऱ्या दिवशी फराळाच्या ताटावर हा विषय निघायचाच.

"जुगार हाय ह्यो," मालक म्हणायचे. "पत्त्याच्या अड्ड्यावर बसल्यालं परवडलं. तिथं निदान समोरचा दिसतो तरी."

"आप्पा, तुमच्या पोस्टाचं आन् माझ्या शेअरचं, दोन्हीचं मागचं तपासून बगा. मग बोला."

"मला काय तपासायचं न्हाई."

"मग बोलूबी नका."

"खावा आता," मी म्हणायची. "शेअर खाऊन पोट भरत न्हाई, आन् पोस्ट खाऊनबी न्हाई."

दोघांत दुसरं भांडण कधी नव्हतं. एवढं एकच, आणि तेही दर दिवाळीला तेच. पोराचं 'मागचं तपासून बगा' हे बोलणं तसंच लोंबत राहिलं. बोलायला समोर माणूस उरला नाही, तेव्हा हे तपासायला बसले.

पोरानं शेअरचं खातं काढलं तेव्हा त्याचं लग्न झालेलं नव्हतं. म्हणून वारस लावायच्या जागी त्यानं बापाचं नाव घातलं होतं. नंतर ते बदलायचं राहून गेलं. तो गेल्यावर कागदपत्रं झाली आणि सगळे शेअर मालकांच्या खात्यात आले. आम्ही इस्लामपुरात एका वकिलाकडं गेलो होतो. त्यानं कागद बघितले आणि म्हणाला, "आजोबा, नाव तुमचं असलं तरी तुम्ही नुसते राखणदार. मुलाच्या मालमत्तेत पहिला हक्क बायकोचा आणि आईचा. बापाचा नाही."

मालकांचं तोंड उतरलं. लोभ म्हणून नाही, त्यांना पैशाचा लोभ नाही. पण आपण त्या पोराचे कायद्यानं कुणीच लागत नाही, हे एखाद्या परक्या माणसानं टेबलामागून सांगावं, ते त्यांना लागलं. बाहेर येऊन ते बराच वेळ गाडीची किल्ली खिशात शोधत राहिले. किल्ली हातात होती.

सून आमच्याकडं आली ती राहिलीच. ती जतकडची, बाप डाळिंब करतो. बारावी सायन्स शिकलेली. मूलबाळ नव्हतं. माहेरी जा असं आम्ही म्हटलं नाही, ती गेली नाही. वर्षश्राद्ध झालं आणि एक दिवस भांडी घासता घासता ती मला म्हणाली, "आत्याबाई, मी नर्सिंगला जाऊ का?"

आमच्याकडं सून सासूला आत्याबाईच म्हणते आणि सासऱ्याला मामा, नात्यातली असो नसो.

"जा की," मी म्हटलं. "मला इचारून काय करतीस. मी काय हेडमास्तरीण हाय?"

"मिरजेत कॉलेज हाय. हॉस्टेल हाय. तीन वर्सं लागत्यात. पण वयाची अट हाय, आत्याबाई. औंदा बसतंय. पुढच्या वर्सी न्हाई बसायचं."

फी भरायची होती, हॉस्टेलचे भरायचे होते. पोराच्या नोकरीतले प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे तिच्या नावचे होते, पण कागदावर तिच्या नावात एक अक्षर चुकलं होतं आणि ते दुरुस्त होईपर्यंत तिथून छदामही सुटणार नव्हता. उसाचं बिल यायला अवकाश होता. माझं सोनं पोराच्या लग्नात गेलेलं. तिच्या भावानं अर्धे देतो म्हटलं. उरलेल्या अर्ध्याला शेअर होते. तिचेच होते, माझेही होते. मालकांनी फोनवर विकायचं बटण दाबायचं, एवढंच काम होतं.

मी त्याच दिवशी सांगितलं.

"इकतो की," ते म्हणाले. "पण कुठलं इकायचं आन् कुठलं ठेवायचं ते बगाय नको? अडाण्यासारखं इकून चालतंय व्हय? जरा बाहेरच्या काट्यावर वजन करून घेतो."

आमच्याकडं ऊस कारखान्याला घालायच्या आधी काही जण गाडी वाटेतल्या खाजगी काट्यावर नेतात आणि वजन करून घेतात. म्हणजे पुढं कमी भरलं तर बोलता येतं. मालक तसं म्हणत होते. मला ते पटलंही. विकायचं तर बघून विकावं. प्रवेशाला अजून वेळ होता.

मग सुरू झालं. पहिली साइट मिळाली ती परदेशातली. सगळं फुकट, चित्रं सुंदर, पण कंपन्या सगळ्या तिकडच्या. आपल्याकडचं एक नाव ओळखील तर शपथ. दुसरीत आपल्या कंपन्या होत्या, पण आठवडाभर फुकट आणि मग कार्डाचा नंबर मागायला लागली. तिसरीत यांनी मोबाईल नंबर घातला आणि त्या दिवसापासून पोरींचे फोन सुरू झाले. सर, आमच्या टिप्स घ्या, सर, महिन्यात पैसे दुप्पट. मालक म्हशीकडं होते तेव्हा एकदा मीच उचलला.

"मॅडम, सर आहेत का? इन्व्हेस्टमेंटबद्दल बोलायचं होतं."

"सर शेण काढत्यात. तू येतीस का मदतीला? रोज देते."

त्या पोरीचा परत फोन आला नाही.

म्युच्युअल फंडाचं बघायला एक बरी साइट मिळाली. फंडाचं नाव, सुरुवातीची तारीख आणि दर महिन्याची रक्कम घातली की रेघ काढून दाखवायची. पोराचे दोन फंड होते, ते तिथं झाले. शेअरसाठी मात्र यांनी शेवटी स्वतःच लॅपटॉपवर एक तक्ता केला. त्यात कंपनीचं नाव टाकलं की जुने भाव आपोआप येऊन पडायचे, तेही फुकट. तो तक्ता जमला त्या दिवशी ते माझ्याकडं बघून म्हणाले, "बगितलंस?" मी बघितलं. आकडे होते.

त्यातही एकदा घोळ झाला. एका औषधवाल्या कंपनीचा भाव एका रात्रीत निम्मा झालेला दिसला. मालक दिवसभर जेवले नाहीत. पोरानं हे बघितलं असंल तवा त्याला काय वाटलं असंल, एवढंच बोलत राहिले. संध्याकाळी सुनेनं बघितलं आणि सांगितलं, "मामा, बोनस दिलाय हितं. एका शेअरचं दोन केल्यात, म्हणून भाव निम्मा." म्हणजे भाकरी मोडून दोन तुकडे केले होते आणि यांना वाटलं अर्धी मांजरानं नेली. मग रात्रीला दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

हळूहळू घरात दुसरं बोलणंच राहिलं नाही. जेवायला बसले की सुरू. "त्यानं ती पायपांची कंपनी घेतलीच नसती, आन् तेवढंच त्या औषधवालीत घातलं असतं, तर..."

मला एक दिवस राग आला. मी म्हटलं, "आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हणालो असतो."

म्हण जुनीच आहे. पण सून मला आत्याबाई म्हणते हे त्या वेळी माझ्या ध्यानात आलं नाही. तिच्या हातात भाकरी होती. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तिला हसू फुटलं.

"आत्याबाई, तुम्हास्नी मिशा शोभल्या नसत्या."

"नसत्या?" मालक म्हणाले. "हैत की थोड्या. जवळनं बग."

"जवळनं बगाय तुमी कवा आला होता," मी म्हटलं, आणि मग तिघंही हसलो. पोरगा गेल्यापासून त्या घरात पहिल्यांदा हसू झालं ते माझ्या मिशांवर.

तेव्हापासून सुनेला एक खोड लागली. मालक कुठं 'तर' म्हणाले की ती काही न बोलता वरच्या ओठावरून बोट फिरवायची, मिशीला पीळ दिल्यासारखं. मालक 'व्हय व्हय' म्हणून गप्प बसायचे. लॅपटॉपवर मात्र ते गप्प बसत नव्हते.

त्या पायपांच्या कंपनीनं सगळं अडवलं. पोरानं तिच्यात बरेच पैसे घातले होते. ती कंपनी बुडाली, हे आम्हाला तो असतानाच कळलं होतं. त्यानंच सांगितलं होतं एका दिवाळीला, मान खाली घालून, आणि मालक त्याला जे बोलायचं ते बोलले होते. आता तक्त्यात तिचं नाव टाकलं की भावाच्या जागी काहीच यायचं नाही. दुसऱ्या साइटवर टाकलं, तिथंही नाही. असं नावच सापडत नाही म्हणे.

"कंपनीच नव्हती म्हणतंय," मालक म्हणाले. "पोरगा काय हवेत पैसे टाकत हुता?"

सून म्हणाली, "मामा, बुडाली म्हणून बाजारातनं काढून टाकल्याली असंल. फुकटच्या साइटवर चालू कंपन्याच असत्यात."

"म्हंजे नाव कमी केलं," मी म्हटलं.

मालकांनी वर बघितलं. "व्हय. नाव कमी केलं."

हा शब्द मला लहानपणापासून ठाऊक आहे. चौथीनंतर माझं शाळेतून नाव कमी केलं. दुसऱ्या दिवशीच्या हजेरीत ते नव्हतं. मी शाळेच्या मागंच शेरडं राखत होते, मला हजेरी ऐकू यायची. पोराचं नाव रेशन कार्डावरून कमी करायला तहसीलमध्ये मीच गेले. मालक आले नाहीत. तिथल्या बाईनं विचारलं, नाव कमी करायचं कारण? मी म्हटलं, मयत. ती म्हणाली, दाखला जोडा. जोडला. मग नाव कमी झालं.

तर त्या फुकटच्या साइटींचं असं होतं. ज्या कंपन्या जगल्या तेवढ्याच त्यात. मेलेल्या काढून टाकलेल्या. म्हणून मागचं बघायला गेलं की सगळं गोडच दिसायचं. पायपांची कंपनी सोडून बाकीचं मोजलं तर पोरगा पोस्टाच्या लय पुढं गेलेला. मालकांनी मला तो आकडा दाखवला. मी म्हटलं, "झालं तर मग. पोरगं बरोबर हुतं. आता इका आन् पोरीला पैसे द्या."

"ह्यो खोटा आकडा हाय."

"पोराच्या बाजूचाच हाय न्हवं?"

"खोटाच हाय पण. फौजेत फुटल्याली बादलीसुद्धा कागदावर ठेवावी लागती. फुटली म्हणून ल्ह्यायचं. नव्हतीच म्हणून न्हाई ल्ह्यायचं."

मग ते मेलेल्या कंपन्यांचे भाव असलेली साइट शोधायला लागले. तशा असतात, पण पैसे भरून. आणि ते पैसे आपल्यासारख्यानं द्यायचे नव्हेत. फुकटातली एकही मिळेना. मी म्हटलं, "मेलेल्याचं नाव फुकटात कोण सांभाळतंय?" त्यांनी पुढची साइट उघडली. मी जास्त बोलले नाही. बोलले असते तर भांडण झालं असतं आणि माझ्यात ते भांडायचं बळ नव्हतं.

प्रवेशाची शेवटची तारीख शनिवार होती. ती दारामागच्या दिनदर्शिकेवर सुनेनं पेनानं गोल करून ठेवली होती. मालक रोज तिच्यापुढून जायचे. शेवटचा आठवडा लागला तेव्हा मी सुनेला म्हटलं, "त्यांचा फोन घे. तुला समदं येतं. इकून टाक. मी सांगते त्यास्नी."

"नको आत्याबाई."

"तुझंच हाय ते."

"माझं हाय. पण मामांच्या हातानं होऊ दे. त्यांचं तपासून व्हायला पायजे. न्हाईतर ते जन्मभर तेच करत बसतील."

"आन् तारीख?"

"मामा म्हणल्यात, हुतंय."

मला तिचा राग आला. शहाणपणाचा राग येतो कधीकधी.

शेवटी मालकांनी काय केलं, तर बाजाराच्या स्वतःच्या साइटवर रोजचे जुने भाव असतात, एकेका दिवसाचे वेगळे. त्यात त्या वेळी जिवंत असलेल्या सगळ्या कंपन्या असतात, कारण त्या त्या दिवशी लिहिलेलं ते नंतर कुणी खोडत नाही. फुकटच. पण एक एक दिवस उघडून बघायचा. पोरानं ज्या ज्या दिवशी त्या पायपांच्या कंपनीचे शेअर घेतले, तो तो दिवस त्यांनी उघडला, आणि मग तिथून ती बुडेपर्यंत महिन्याचा एक. शुक्रवारी सकाळी बसले. म्हणाले, "आज हातावेगळं करतो. मग लगेच इकतो. सांग पोरीला बॅग भर म्हणून."

पोरीनं बॅग भरली. मी तिला चटणी बांधली, लाडू बांधले. तिनं साडी बदलून पंजाबी घातला आणि पुन्हा साडी नेसली. तिचा भाऊ शनिवारी सकाळी गाडी घेऊन येणार होता. घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. मालक जेवायलाही तिथंच बसले, एका हातानं भाकरी, एका हातानं उंदीर हलवत. त्या यंत्राला उंदीर म्हणतात, तो मला त्या घरातल्या इतर उंदरांपेक्षा जास्त नकोसा झाला होता.

चहाच्या वेळेला ते बाहेर आले. सोप्यात उभे राहिले.

"झालं," ते म्हणाले.

"काय झालं?"

"पोस्टाइतकंच. त्या बुडालेल्या कंपनीसकट समदं धरलं, तर पोस्टाइतकंच. चार पैसं हिकडं न्हाई, चार पैसं तिकडं न्हाई." ते खाली बसले. "दिवाळीला दोघं उगंच भांडत हुतो."

त्यांना वाटलं असेल मी काही बोलीन. मी म्हटलं, "आता इका."

त्यांनी फोन काढला. चष्मा पुसला. बटणं दाबली. आणि त्यांचा हात तसाच राहिला. सुनेनं वाकून बघितलं.

बाजार साडेतीनला बंद होतो. हे आमच्या घरातल्या म्हशीलाही ठाऊक झालं होतं. इतके महिने हा माणूस त्या घड्याळावर जगला. आणि त्या दिवशी जुन्या सालांत इतका आत गेला की आजचा बाजार कधी बंद झाला ते कळलं नाही. शनिवार-रविवार बाजार नाही. सोमवारी विकायचं, आणि विकलं तरी पैसे हातात यायला वर एखादा दिवस लागतो. हे त्यांना माहीत होतं. सगळं माहीत होतं.

"मामा, असू दे," सून म्हणाली.

"मी बोलतो कॉलेजात. मी माजी सैनिक हाय. ऐकतील."

ते खरंच शनिवारी मिरजेला गेले, सुनेला आणि तिच्या भावाला घेऊन. अर्धे पैसे घ्या, उरलेले मंगळवारी आणतो म्हणाले. खिडकीतल्या माणसानं ऐकून घेतलं. तो वाईट बोलला नाही. बाबा, मागं पोरी थांबल्यात, एवढंच म्हणाला. मी तिथं नव्हते, हे मला सुनेच्या भावानं सांगितलं. मालकांनी घरी आल्यावर बूट काढले आणि ते दोन्ही हातांनी भिंतीला लावून सरळ ठेवले, फौजेतल्यासारखे.

सोमवारी त्यांनी सगळं विकलं. कुठलं विकायचं, कुठलं ठेवायचं, काही बघितलं नाही. एका दमात. माझा हिस्साही मी सुनेच्या खात्यावर घालायला लावला. मला काय करायचंय त्याचं. ती नको म्हणाली, मी म्हटलं, नाटकं करू नकोस. पैसे मंगळवारी आले. पैशाला आता घाई नव्हती.

सून मिरजेला गेलीच, पण दुसऱ्या कामाला. एका दवाखान्यात वॉर्डात लागली. पेशंटची कूस बदलायची, भांडं द्यायचं, चादरी बदलायच्या. दवाखान्यात नर्सला सिस्टर म्हणतात आणि असलं काम करणारीला मावशी म्हणतात, मग ती कितीही तरणी असो. तिला सिस्टर व्हायचं होतं, ती मावशी झाली. मी एकदा तिकडं गेले होते, डोळे दाखवायला. जिन्यात उभी होते तर वरून एक म्हातारा ओरडला, "ओ मावशी!" मी मागं बघितलं. मला हाक मारतोय असं वाटलं. तर माझ्या मागून आमची सून बादली घेऊन वर गेली. तिनं मला बघितलं नाही. मीही हाक मारली नाही. खाली येऊन बाकावर बसले आणि ती सुटायची वाट बघितली. मग आम्ही दोघींनी वडापाव खाल्ला.

पावसाळा संपता संपता ती घरी आली. तिला तिथं रेशन कार्ड करायचं होतं. त्यासाठी आमच्या कार्डावरून तिचं नाव कमी केल्याचा दाखला लागतो. लग्नात तिच्या बापाच्या कार्डावरून असंच कमी करून आमच्यात चढवलं होतं. या वेळी तहसीलमध्ये मालक आले. मी म्हटलं होतं, तुम्ही घरी थांबा. नाही म्हणाले. तिथं तीच बाई होती. कारण विचारलं. मालकांनी सांगितलं, "स्थलांतर." क्लार्कासारखं, स्पष्ट. सही त्यांनी केली. दाखला सुनेनं घडी करून पर्समध्ये ठेवला.

तिथूनच तिला स्टँडवर सोडलं. मिरजेची गाडी लागलेली होती. तिला खिडकीजवळ जागा मिळाली. मी खालून म्हटलं, "जेवत जा. लय बारीक झालीस."

"व्हय आत्याबाई."

मालक खिडकीखाली येऊन उभे राहिले. वर बघत होते. कंडक्टरनं घंटी मारली.

"पोरी," ते म्हणाले, "मी जर त्या शुक्रवारी दुपारीच..."

 सुनेनं त्यांच्याकडं बघितलं आणि वरच्या ओठावरून बोट फिरवलं, सावकाश, मिशीला पीळ दिल्यासारखं. कुणी हसलं नाही. तीही नाही. गाडी मागं घेतली, वळवली आणि गेली.

मालक तिथंच उभे होते. मागून दुसरी गाडी यायला लागली, तिचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी त्यांचा हात धरून त्यांना बाजूला घेतलं.

"चला," मी म्हटलं. "म्हशीची येळ झाली."